माजी सैनिक मोजलेत, आता अंतरही मोजा: संरक्षण मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
सचिव, माजी सैनिक कल्याण विभाग, संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
व्यवस्थापकीय संचालक, ईसीएचएस केंद्रीय संघटना, दिल्ली कॅन्टोन्मेंट

महोदय,

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता ते नाहीत. आई फॅमिली पेन्शनवर गावी राहते आणि तिच्याकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे. धाकटा भाऊ फौजेत आहे, पोस्टिंग दूर उत्तरेला. वहिनी आणि भाचा आईजवळ असतात. म्हणजे आमच्या एकाच घरात लष्कराच्या दोन आरोग्यव्यवस्था नांदतात, एक निवृत्तांची आणि एक सेवेत असलेल्यांची. दोन्हीकडचे कागद माझ्या हातून जातात. त्या अनुभवावरून एक मागणी आपल्यापुढे ठेवते आहे. कुठल्या भागाला कोणती सोय द्यायची हे ठरवताना तिथं माजी सैनिक किती, एवढंच बघू नका. दवाखान्यापर्यंत पोचायला त्यांचा किती वेळ जातो आणि किती पैसे जातात, हेही नियमात बसवा.

योजनेने आम्हाला काय दिलं ते आधी सांगते, कारण ते खरं आहे. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवानाला सैनिकी हॉस्पिटलात जागा असली तर उपचार, नसली तर पदरमोड, अशी गत होती. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि दुखणी सुरू होतात ती त्यानंतर, तेव्हा ही फार मोठी उणीव होती. माझ्या वडिलांची बायपास पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, खाजगी हॉस्पिटलात झाली आणि आम्हाला एक रुपयाही भरावा लागला नाही. तेवढा खर्च अंगावर आला असता तर शेत विकावं लागलं असतं. हे मी विसरलेले नाही, आईही विसरलेली नाही. म्हणूनच ही योजना मोडकळीला येऊ नये असं मनापासून वाटतं.

आज देशभरात योजनेचे सव्वाचारशेहून अधिक दवाखाने, म्हणजे पॉलिक्लिनिक, आहेत आणि लाभार्थी पन्नास लाखांवर आहेत. शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, जेसीओंना (सुभेदारांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना) ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये, अशी एकरकमी वर्गणी २०१७ च्या अखेरीस ठरली. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना ती माफ आहे. हुद्द्याप्रमाणे जनरल, सेमी-प्रायव्हेट किंवा प्रायव्हेट वॉर्ड मिळतो. वॉर्डाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जनरल वॉर्डात माझ्या वडिलांची उत्तम देखभाल झाली. माझी तक्रार वॉर्डाच्या अलीकडची, तिथवर पोचण्याची आहे.

१ एप्रिल २००३ नंतर निवृत्त झालेल्यांना हे सदस्यत्व सक्तीचं आहे. महिन्याला १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घ्यायचा की योजनेत यायचं, ही निवड जुन्या लोकांना होती. नंतरच्यांना ती नाही. सक्ती करायला माझा विरोध नाही. सगळे आत आले तरच असा निधी उभा राहतो. पण सक्तीने वर्गणी घेतली म्हटल्यावर जो माणूस डोंगरापलीकडे राहतो त्यालाही सेवा पोचवणं आपल्यावर येतं. त्याने पैसे आधीच भरलेले आहेत.

पॉलिक्लिनिकला ए, बी, सी, डी असे दर्जे आहेत आणि ते त्या भागातल्या माजी सैनिकांच्या संख्येवरून ठरतात. दर्जावरून डॉक्टर किती, तंत्रज्ञ किती, यंत्रं कोणती, हे ठरतं. कागदावर हे रास्त दिसतं. पण महाराष्ट्रातून फौजेत मुलं जातात ती कुठून? माण-खटावच्या कोरड्या माळावरून, पाटण-जावळीच्या डोंगरातून, चंदगड-आजऱ्याच्या टोकाकडून, कोकणातल्या पोलादपूर-मंडणगडाकडून. जिथं शेती पिकत नाही आणि कारखाना उभा राहत नाही, तिथंच भरतीला पोरं पहाटे धावतात. अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी अशा गावांच्या तर नावातच फौज आहे. निवृत्तीनंतर बरेचसे जवान पुन्हा त्याच गावी येऊन राहतात. मग एका खोऱ्यात दोनशे, दुसऱ्यात तीनशे असे ते विखुरलेले असतात आणि संख्येच्या हिशोबात त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. शहरात एकगठ्ठा राहणाऱ्यांना दवाखाना जवळ मिळतो. ज्यांना गाडी-घोडा नाही त्यांचाच प्रवास सगळ्यात लांबचा.

हा प्रवास काय असतो ते जवळून सांगते. आईला मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि गुडघे गेलेले आहेत. औषधं साधारण महिन्याची मिळतात, म्हणजे दर महिन्याला फेरी आलीच. पहाटेची एसटी पकडायची, जिल्ह्याच्या गावी उतरून रिक्षा करायची, नंबर लावायचा. तिच्याजवळ प्लॅस्टिकची एक पिशवी असते. तिच्यात कार्ड, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स, वडिलांचं फौजेतलं डिस्चार्ज बुक, जुने रिपोर्ट, शिवाय इन्सुलिनसाठी बर्फ ठेवायला थर्मास. मे महिन्यात परतीच्या गाडीत इन्सुलिन गार ठेवायचं तर दुसरा इलाज नाही. डॉक्टर तपासतात, नीट तपासतात. मग औषधाच्या खिडकीशी गेलं की फार्मासिस्ट चिठ्ठीवरच्या निम्म्या नावांपुढे लाल पेनाने ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, असं लिहून चिठ्ठी परत देतो. पाठीमागे उभ्या असलेल्या आजोबांच्या चिठ्ठीवरही तीच दोन अक्षरं. तो फार्मासिस्ट वाईट माणूस नाही. तो मान खाली घालूनच लिहितो, कारण पुढच्या माणसालाही त्याला हेच सांगायचं आहे.

आता ‘एनए’ औषध बाहेरून विकत घ्यायचं आणि क्लेम टाकायचा, ही सोय आहे, मान्य. पण काही शे रुपयांच्या बिलासाठी फॉर्म, मूळ पावत्या, चिठ्ठीच्या झेरॉक्स आणि पुन्हा एक फेरी, हा खटाटोप सत्तरीतल्या किती बायका करतील? आमच्या गावातल्या बऱ्याच जणी क्लेम टाकतच नाहीत. त्यातल्या काही औषध एक दिवसाआड घेतात. आपल्या दप्तरी हे कुठेच दिसणार नाही, कारण न टाकलेल्या क्लेमची नोंद कोणी करत नाही. औषधांच्या तुटवड्याबद्दल कॅगने २०१५ च्या आपल्या अहवालात बोट ठेवलं होतं. त्याला दशक उलटून गेलं.

रेफरलचंही तसंच. पॅनेलवरच्या हॉस्पिटलात तज्ज्ञाला दाखवायचं तर आधी पॉलिक्लिनिकचं रेफरल, म्हणजे पुढे पाठवत असल्याची चिठ्ठी, हवं. यामागचा विचार मला पटतो. मधे कोणी डॉक्टर नसेल तर जो तो उठून मोठ्या हॉस्पिटलात जाईल, खर्च वाढेल आणि खऱ्या गरजूला जागा उरणार नाही. पण या नियमाने एक गोष्ट गृहीत धरली आहे, की पॉलिक्लिनिक घराजवळ आहे. आमच्याकडे तालुक्याच्या गावात हाडांचा डॉक्टर आहे, सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यांनी एक्स-रे काढून गुडघ्याची शस्त्रक्रिया हवी असं लिहून दिलं, तरी आईला त्याच गुडघ्यावर जिल्ह्याला जाऊन, नंबर लावून, तेच पुन्हा लिहून घ्यावं लागतं. रेफरलची मुदत संपली आणि हॉस्पिटलची तारीख पुढे गेली, की पुन्हा तोच फेरा. अतिवृद्धांना काही बाबतींत रेफरलशिवाय तज्ज्ञाकडे जाता येतं, ही सवलत आपण दिलीत त्याबद्दल आभार मानते. पण साठीतल्या विधवेचे गुडघे जास्त दुखत असू शकतात. सवलत वयाबरोबर अंतरालाही जोडा. ज्याचं घर पॉलिक्लिनिकपासून ठरावीक अंतरापलीकडे आहे, त्याला सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरच्या लेखी सल्ल्यावर, प्रत्यक्ष न जाता ऑनलाइन रेफरल मिळालं पाहिजे.

यासाठी नवीन इमारती बांधायची गरज नाही. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आपल्याच मंत्रालयाने ‘सेहत’ ही ऑनलाइन ओपीडी सुरू केली. सेवेतले, निवृत्त आणि त्यांचे कुटुंबीय, सगळ्यांसाठी. डॉक्टर व्हिडिओवर बोलतो, तपासतो, चिठ्ठी देतो. ती ओपीडी आणि ईसीएचएसचं रेफरल एकमेकांना पूर्णपणे जोडा. ज्यांना मोबाइल चालवता येत नाही त्यांच्यासाठी गावोगावची कॉमन सर्व्हिस सेंटर आहेत. पेन्शनीचा हयातीचा दाखला ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर तिथूनच भरतो आम्ही. जिथं हयातीचा दाखला चालतो तिथं रेफरलचा अर्जही चालावा. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातल्या ठरलेल्या वारी पॉलिक्लिनिकचा एक डॉक्टर आणि फार्मासिस्ट गाडीने आले, नेहमीच्या रुग्णांची औषधं घेऊन, तर एसटीत ताटकळणाऱ्या शेकडो म्हाताऱ्यांचा महिन्यातला एक अख्खा दिवस वाचेल. आणि घरपोच औषधांचे जे काही प्रयोग आपण कराल ते आधी खेड्यांसाठी करा. शहरातल्या माणसाला कोपऱ्यावर मेडिकल असतं.

तातडीच्या वेळी अंतर सगळ्यात महाग पडतं. मागे एकदा पहाटे आईला दम लागला, ओठ निळे पडले. पॅनेलवरचं हॉस्पिटल लांब होतं, म्हणून सर्वांत जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. ते पॅनेलवर नव्हतं. नियम सांगतो की अशा वेळी कुठल्याही हॉस्पिटलात न्या, ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा, पैसे भरा आणि नंतर मागा. नियम माणुसकीचा आहे. पण परत मिळतं ते सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दराने, तेही तातडीचा दाखला, तपशीलवार बिलं, डिस्चार्ज समरी हे सगळं जुळलं तर. मधला फरक घरच्यांनी सोसायचा. शहरात राहणाऱ्याला पॅनेलवरचं हॉस्पिटल दहा मिनिटांवर असतं, त्याला हा फरक बहुधा सोसावाच लागत नाही. गावातल्याला मात्र पर्यायच नसतो. जिथं पॅनेलवरचं एकही हॉस्पिटल तासाभराच्या वाटेवर नाही, तिथं तातडीच्या उपचाराचं बिल प्रत्यक्ष खर्चाने मंजूर व्हावं, निदान जीव वाचवण्याच्या पहिल्या टप्प्यापुरतं तरी.

छोट्या गावांतली हॉस्पिटलं पॅनेलवर का येत नाहीत, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दर परवडत नाहीत आणि बिलं थकतात. सीजीएचएसच्या दरांची मोठी फेररचना २०१४ नंतर थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली. मधल्या काळात औषधं, पगार, वीज सगळं वाढत गेलं. थकीत बिलांबद्दल संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही वेळोवेळी विचारणा केली आहे. मोठं हॉस्पिटल वर्षभर थकबाकी सोसू शकतं. तालुक्यातला वीस खाटांचा डॉक्टर ती कशी सोसणार? तो एकदा पोळला की पुन्हा फिरकत नाही. आणि जे पॅनेलवर आहेत त्यांच्या काउंटरवर ‘ईसीएचएसचे बेड फुल आहेत’ हे वाक्य ऐकून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. ते खोटं आहे की खरं, हे तिथं उभ्या असलेल्या नातेवाइकाला तपासता येत नाही. प्रत्येक पॅनेल हॉस्पिटलात योजनेतल्या रुग्णांसाठी किती खाटा आज रिकाम्या आहेत, हे ऑनलाइन दिसू द्या. लहान हॉस्पिटलांची बिलं वेगळ्या रांगेत घेऊन आधी चुकती करा. नवीन दर आलेत तर हीच वेळ आहे, तालुक्यातल्या डॉक्टरांकडे स्वतःहून जाऊन त्यांना पॅनेलवर येण्याची विनंती करण्याची.

आता सेवेतल्यांचं. भावाच्या पोस्टिंगवर कुटुंब नेण्याची सोय नाही, म्हणून वहिनी गावी. तिला आणि मुलाला सैनिकी हॉस्पिटलात मोफत उपचार आहेत. पुण्याचं कमांड हॉस्पिटल, खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल, देवळाली, कामठी, मुंबईचं नौदलाचं अश्विनी: यांच्या दर्जाबद्दल मी काय बोलू, तिथले डॉक्टर देशातल्या उत्तम डॉक्टरांत गणले जातात. पण ही हॉस्पिटलं छावण्यांजवळ आहेत आणि जवानाचं घर छावणीजवळ नाही. भाच्याला ताप आला की वहिनी गावातल्या डॉक्टरकडे पैसे भरून जाते, एवढंच. छोट्या तापाचं चालून जातं. बाळंतपण, मुलाचं दम्याचं दुखणं, सासूची म्हातारपणाची दुखणी, ही एकट्या बाईने फोनवर नवऱ्याला विचारत निभावायची असतात आणि नवरा जिथं आहे तिथं फोन लागेलच असं नाही. सीमेवरच्या माणसाचं अर्धं लक्ष घराकडे राहतं ते यामुळे. कुटुंबापासून दूर पोस्टिंग असलेल्या जवानांच्या घरच्यांना त्यांच्या जिल्ह्यातल्या पॅनेल हॉस्पिटलात थेट कॅशलेस दाखवता यावं. पॅनेल आहे, संगणक आहे, ओळखपत्र आहे. दोन विभागांनी बसून ठरवण्याची गोष्ट आहे.

आणि अग्निवीरांचं काय? आमच्या गावातून गेलेत काही. २०२२ मध्ये योजना आली, आणि पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी व्हायला लागतील. जे जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील त्यांची चिंता नाही. बाकीचे ईसीएचएसच्या बाहेर राहणार, असं धोरण आहे. सेवेत असेपर्यंत सैनिकी हॉस्पिटल, बाहेर पडल्यावर काही नाही. पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा धडधाकट असतो, हे खरं. पण बर्फात, उंचावर, दारूगोळ्याच्या आवाजात काढलेल्या चार वर्षांचा हिशोब कान, फुप्फुसं आणि मणके पुढे कधीतरी मागतात. पेन्शन नसलेल्यांना आत घेण्याची वाट आपणच दाखवली आहे. २०१९ मध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या, म्हणजे ठरावीक वर्षांपुरतं फौजेत आलेल्या, अधिकाऱ्यांना वर्गणी भरून ईसीएचएस खुली केलीत. जी वाट अधिकाऱ्यांना खुली झाली ती चार वर्षं शिपाई म्हणून राबलेल्या मुलांनाही खुली करा. चार वर्षांअखेर एकरकमी मिळणाऱ्या सेवानिधीतून वर्गणी भरायची तयारी त्यांची असेल. विचारून तर बघा.

हे सगळं करायला पैसा लागेल, याची मला जाणीव आहे. संरक्षणाच्या अंदाजपत्रकात या योजनेसाठी दरवर्षी जास्त तरतूद मागावी लागते, तीही पुरत नाही. पण मी मागितलेल्यातलं बरंचसं पैशांचं नाही. अंतराची नोंद प्रत्येक कार्डावरच्या पत्त्यात आधीच आहे. आपल्या संगणकाला विचारलं तर तो एका दुपारी सांगेल की कोणत्या तालुक्यातले किती कार्डधारक पॉलिक्लिनिकपासून किती किलोमीटरवर राहतात. त्या यादीच्या वरच्या टोकाला जी नावं येतील, तिथून सुरुवात करा. आणि प्रत्येक पॉलिक्लिनिकने दर महिन्याला कोणती औषधं ‘एनए’ गेली, किती चिठ्ठ्यांवर, हे दारावरच्या फळ्यावर आणि संकेतस्थळावर लावावं. मागणी वेळेत नोंदवूनही वरून पुरवठा आला नाही, तर ते पॉलिक्लिनिकच्या प्रमुखालाही (ओआयसीला) लिहून दाखवता येईल. आज शिव्या खातो तो खिडकीतला कंत्राटी फार्मासिस्ट, ज्याच्या हातात काही नाही.

या पत्राची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि आमच्या खासदारांना देते आहे. किलोमीटरची ती यादी काढून झाली की प्रसिद्ध करावी, आणि काढायची नसेल तर का नाही, हे लेखी कळवावं, ही विनंती.

आपली,
एका हवालदाराची मुलगी आणि एका जवानाची बहीण